तारेच्या वेढ्यांतून चुंबक: कॉइल गुंडाळण्यापासून क्षेत्र मोजण्यापर्यंत

तांब्याच्या तारेला चुंबक लावून पाहा, चिकटत नाही. प्लॅस्टिकच्या नळीला तर नाहीच नाही. पण तीच तार त्या नळीवर दोनशे वेळा गुंडाळली, टोकांना दीड व्होल्टचा एक सेल जोडला आणि शेजारी होकायंत्र ठेवलं, की सुई गर्रकन वळते. लोखंडाचा कणही नसताना चुंबक तयार झालेला असतो. सेल काढला की तो नाहीसा होतो.

हे असं का होतं, ते इथे आपण हाताने करून आणि मोजून पाहणार आहोत. वाटेत एका प्रसिद्ध वाक्याचा हिशोबही करायचा आहे: ‘वेढे वाढवले की चुंबकाचा जोर वाढतो.’ हे अर्धंच खरं आहे. उरलेला अर्धा भाग कुणी सांगत नाही, आणि घरी केलेल्या बहुतेक कॉइल तिथेच फसतात.

काय काय लागेल

२८ गेजची इनॅमल तार, म्हणजे मोटर वाइंडिंगला वापरतात ती तांब्याची तार, साधारण ५० ग्रॅम. ही तार ०.३७६ मिलिमीटर जाड असते आणि तिचं एक मीटर जवळजवळ एक ग्रॅम भरतं, त्यामुळे वजनावरून लांबी लगेच कळते. २५ मिलिमीटर बाह्य व्यासाची, दहा-बारा सेंटिमीटर लांब प्लॅस्टिकची नळी. पेन्सिल सेल आणि त्याचा होल्डर. ५.६ ओहमचा, एक वॅटचा रेझिस्टर. छोटं होकायंत्र, मल्टिमीटर, बारीक पॉलिश पेपर, चिकटपट्टी. शेवटच्या भागासाठी ८ मिलिमीटर जाड आणि ८० मिलिमीटर लांब लोखंडी बोल्ट आणि एक १एन४००७ डायोड, म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग.

दीड व्होल्टच्या साध्या सेलच्या पुढे जाऊ नका. घरच्या प्लगला यातलं काहीही जोडायचं नाही. मोबाइलची किंवा लॅपटॉपची लिथियम बॅटरीही नको: बारीक तारेने ती शॉर्ट झाली तर क्षणात इतका करंट सोडते की तार लाल होते, बॅटरी पेटू शकते.

पायरी १: आधी सरळ तार

होकायंत्र टेबलावर ठेवा. सुई उत्तर-दक्षिण स्थिर झाली की अर्धा मीटर तार तिच्या बरोबर वरून, सुईला समांतर, एक सेंटिमीटर उंचीवर ताणून धरा. तारेची टोकं सेलला फक्त एक सेकंद टेकवा. सुई तारेपासून दूर पळत नाही, तारेकडे ओढलीही जात नाही. ती आडवी वळते. करंट दक्षिणेकडून उत्तरेकडे जात असेल आणि तार सुईच्या वर असेल, तर सुईचं उत्तर टोक पश्चिमेला जातं. आता तार होकायंत्राच्या खालून घ्या: सुई पूर्वेला वळते.

१८२० साली कोपनहेगनमध्ये हान्स क्रिश्चन अर्स्टेडने हेच पाहिलं. वीज आणि चुंबक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ही समजूत तिथे मोडली. वर पश्चिमेला आणि खाली पूर्वेला, याचा अर्थ चुंबकीय क्षेत्र, म्हणजे चुंबकाचा प्रभाव, तारेभोवती गोल फिरतं. बांगडीत मनगट असावं तशी तार त्या गोलाच्या मध्ये असते. उजव्या हाताची मूठ तारेभोवती वळवा आणि अंगठा करंटच्या दिशेला ठेवा, बोटं वळतात तीच क्षेत्राची दिशा. करंट म्हणजे सेलच्या अधिक टोकाकडून उणे टोकाकडे, ही जुनी रूढ दिशा धरायची.

आकडाही सोपा आहे. क्षेत्राचं एकक टेस्ला, आणि मायक्रोटेस्ला म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग. लांब सरळ तारेपाशी:

मायक्रोटेस्ला = २० × अँपिअर ÷ सेंटिमीटरमधलं अंतर

एक अँपिअर करंट आणि एक सेंटिमीटर अंतर असेल तर २० मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. म्हणजे एकट्या सरळ तारेतून सुई ठळक वळवायला बरेच अँपिअर लागतात. शॉर्ट केलेला सेल क्षणभर दोन-तीन अँपिअर सहज देतो म्हणून प्रयोग जमतो, पण तसा धरून ठेवला तर सेल गरम होऊन संपतो.

पायरी २: तार वाकवली की काय बदलतं

आता तीच तार गोल वाकवा. गोलाच्या डाव्या बाजूने करंट वर जातो, उजव्या बाजूने खाली येतो. दोन्ही ठिकाणी उजव्या हाताची मूठ धरून पाहा. डावीकडच्या तारेचं क्षेत्र गोलाच्या आत कागदात शिरतं, उजवीकडच्या तारेचंही आत शिरतं. वरचा भाग, खालचा भाग, कुठलाही तुकडा घ्या, गोलाच्या आत सगळे एकाच दिशेने ढकलतात. बाहेर मात्र समोरासमोरचे तुकडे एकमेकांच्या विरुद्ध जातात आणि बरंचसं खोडलं जातं.

कॉइलचं सगळं मर्म या एका गोष्टीत आहे. वाकवल्यामुळे नवीन काही निर्माण होत नाही, तारेभोवती विखुरलेलं क्षेत्र एका जागी जमा होतं. ५ सेंटिमीटर अंतरावर सरळ तार एका अँपिअरला ४ मायक्रोटेस्ला देते. तिचंच ५ सेंटिमीटर त्रिज्येचं कडं केलं तर मध्यभागी १२.६ मिळतात, बरोबर π (पाय) पट, म्हणजे ३.१४ पट. दुसरा वेढा घातला की आणखी १२.६, तिसरा घातला की आणखी तेवढेच. कड्याच्या मध्यासाठी:

मायक्रोटेस्ला = ६२.८ × वेढे × अँपिअर ÷ सेंटिमीटरमधली त्रिज्या

मध्यापासून अक्षावर, म्हणजे कड्याच्या प्रतलाला लंब असलेल्या मधल्या रेषेवर, सरकलं की क्षेत्र झपाट्याने घटतं. त्रिज्येइतकं दूर गेलं की ३५ टक्के उरतं.

पायरी ३: पृथ्वीशी तुलना करून मोजा

चुंबकीय क्षेत्र मोजायला महाग मीटरच हवा असं नाही. पृथ्वी आपल्याला एक तयार माप देते.

१० सेंटिमीटर व्यासाच्या डब्यावर किंवा बरणीवर इनॅमल तारेचे मोजून १० वेढे घ्या. कडं अलगद काढा, चार ठिकाणी चिकटपट्टीने बांधा, दोन्ही टोकं हातभर मोकळी ठेवा. कडं उभं करा, असं की त्याचं प्रतल उत्तर-दक्षिण येईल. होकायंत्र लाकडी ठोकळ्यावर ठेवून बरोबर कड्याच्या केंद्रात आणा. सुई आता कड्याच्या प्रतलात, तारेला समांतर उभी असेल. सेल, ५.६ ओहमचा रेझिस्टर आणि कडं एका ओळीत जोडा.

तारेची लांबी ३.१४ मीटर. २८ गेजची तार मीटरला ०.१५५ ओहम रोध देते, म्हणजे कड्याचा रोध ०.४९ ओहम. एकूण ६.०९ ओहम, करंट ०.२५ अँपिअरच्या किंचित खाली, आणि मध्यभागी क्षेत्र सुमारे ३१ मायक्रोटेस्ला.

या क्षणी सुईवर दोन ओढी आहेत. पृथ्वी तिला उत्तरेकडे ओढते, कडं पूर्वेला किंवा पश्चिमेला. दोन्ही समान असतील तर सुई बरोबर मधे, ४५ अंशांवर थांबते. ४५ पेक्षा जास्त वळली तर कड्याची ओढ पृथ्वीच्या आडव्या क्षेत्रापेक्षा मोठी, कमी वळली तर लहान. ३१ ला वळलेल्या कोनाच्या टॅनने भागा, तुमच्या जागी पृथ्वीचं आडवं क्षेत्र किती ते मिळतं. सेलची टोकं उलटी करून दुसऱ्या बाजूचाही कोन घ्या आणि सरासरी काढा, म्हणजे होकायंत्र जरा तिरकं बसलं असेल तरी ती चूक निघून जाते. डब्यावर गुंडाळलेल्या दहा वेढ्यांनी पृथ्वीचं चुंबकत्व मोजता येतं, हे मला आजही फार मोठं वाटतं.

पायरी ४: नालकुंतल गुंडाळणं

एकामागून एक वेढे नळीवर लांब पसरले की नालकुंतल तयार होतो. इथे घाई करू नका.

तारेचं पहिलं टोक १५ सेंटिमीटर मोकळं सोडून नळीवर चिकटपट्टीने पक्कं करा. तार रिळातून मोकळी सोडून हातात गोळा केली की ती पिळते आणि तिला गाठी पडतात. म्हणून रीळ एका पेन्सिलवर अडकवून पायात धरा आणि नळी फिरवा. तार नळीभोवती फिरवायची नाही, नळीच फिरवायची. डाव्या हाताच्या चिमटीतून तार हलक्या ताणाने सरकत राहते आणि अंगठ्याचं नख नव्या वेढ्याला जुन्याशी भिडवतं. दर २० वेढ्यांनंतर पेनाने टिंब करा, नाहीतर १३७ होते की १४७ हे आठवत बसावं लागतं. इनॅमलसह ही तार साधारण ०.४२ मिलिमीटर भरते, म्हणून २०० वेढे घट्ट बसले तर ८४ मिलिमीटर जागा घेतात. तार लागते १६ मीटर.

वेढे एकमेकांना चिकटलेले असूनही शॉर्ट होत नाहीत ते त्या पातळ इनॅमलमुळे. विल्यम स्टर्जनने १८२५ मध्ये पहिला विद्युतचुंबक दाखवला तेव्हा त्याच्याकडे अशी तार नव्हती. त्याने लोखंडालाच वॉर्निश लावलं आणि उघड्या तारेचे सुटे सुटे १८ वेढे दिले. तेवढ्यावरही २०० ग्रॅमच्या आसपास वजनाच्या त्या लोखंडाने ४ किलो उचललं. पुढे जोसेफ हेन्रीने तारेलाच रेशमाचं आवरण दिलं, त्यामुळे वेढ्यांवर वेढे, थरांवर थर देता आले. १८३१ पर्यंत त्याचा चुंबक ९०० किलोहून जास्त वजन पेलू लागला.

मात्र हेच इनॅमल टोकांवर शत्रू असतं. शेवटचे दोन सेंटिमीटर पॉलिश पेपरच्या घडीत धरून, बोटांत फिरवत फिरवत ओढा. रंग गडद तपकिरीवरून चकचकीत गुलाबी-लाल झाला पाहिजे, चारही बाजूंनी. मी एकदा ३०० वेढ्यांची कॉइल तासभर जोडून बसलो होतो, सुई हलत नव्हती. टोक वरून चकाकत होतं, खालच्या बाजूला इनॅमल तसंच होतं, आणि तीच बाजू क्लिपला टेकत होती. तेव्हापासून सेल लावण्याआधी मल्टिमीटरने रोध बघतो. या कॉइलचा रोध २.५ ओहमच्या आसपास यायला हवा. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकांना टेकवून दिसणारा आकडा आधी वजा करा.

पायरी ५: आत किती क्षेत्र आहे

लांब नालकुंतलाच्या आत (एक मिलिटेस्ला म्हणजे हजार मायक्रोटेस्ला):

मिलिटेस्ला = १.२५७ × वेढे × अँपिअर ÷ मिलिमीटरमधली लांबी

सेलचा स्वतःचा अंतर्गत रोध ०.२ ओहम धरला तर एकूण २.७ ओहम, करंट सुमारे ०.५५ अँपिअर. वेढे गुणिले अँपिअर, म्हणजे अँपिअर-वेढे, झाले ११०. सूत्रातून १.६५ मिलिटेस्ला येतात. आपली कॉइल अनंत लांब नाही, त्यामुळे मध्यभागी ४ टक्के कमी, म्हणजे १.५८. पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीसपट.

सूत्रात नळीचा व्यास नाही हे लक्षात आलं का? लांब कॉइलमध्ये आतलं क्षेत्र भिंतीपाशी आणि मध्यावर जवळजवळ सारखंच असतं.

टोकाशी मात्र ते निम्मं, ०.८ मिलिटेस्ला. निम्मंच का, हे एका कल्पनेने कळतं. अशाच दोन कॉइल टोकाला टोक लावून जोडल्या तर सांधा एका मोठ्या कॉइलच्या मध्यावर येतो, तिथे पूर्ण क्षेत्र असणार. दोन्ही कॉइलचा वाटा सारखा, म्हणून एकटीचा वाटा अर्धा. आणि टोकापासून १० सेंटिमीटर दूर अक्षावर? चार-पाच मायक्रोटेस्ला फक्त. मध्याच्या तुलनेत तीनशेपटीहून जास्त घट. ‘कॉइल चालत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा पुष्कळदा होकायंत्र नुसतं लांब ठेवलेलं असतं.

फोनमध्ये चुंबकीय सेन्सर असेल तर हे आकडे ॲपवर दिसतात. सेल न लावता आधीचं वाचन लिहून ठेवा. सेल सुलटा लावून एक वाचन घ्या, उलटा लावून दुसरं. अक्षाच्या दिशेतल्या घटकातला फरक काढून त्याचं अर्धं करा, म्हणजे पृथ्वीचा वाटा आपोआप वजा होतो. फोनला कॉइलच्या तोंडाशी टेकवू नका, दहा सेंटिमीटर अंतर पुरे.

पायरी ६: दुसरा थर, आणि त्या वाक्याचा हिशोब

आता त्याच कॉइलवर दुसरा थर गुंडाळा, आणखी २०० वेढे. पहिला थर डावीकडून उजवीकडे गेला असेल तर दुसरा उजवीकडून डावीकडे येईल. ‘मग उलटं क्षेत्र होऊन दोन्ही खोडले जाणार नाहीत का?’ हा प्रश्न नेहमी येतो. नाही. नळी फिरण्याची दिशा तीच ठेवली की झालं. करंट नळीभोवती कुठल्या दिशेने फिरतो यावर क्षेत्र ठरतं, वेढे डावीकडे सरकतात की उजवीकडे यावर नाही. मधेच नळी उलटी फिरवली तर मात्र दुसरा थर पहिल्याला खोडून टाकेल.

सेल जोडा. होकायंत्र आधी होतं त्याच जागी ठेवून कोन पाहा. वेढे दुप्पट झाले, पण सुई जवळजवळ तिथेच!

कारण तारही दुप्पट झाली. रोध ५.१ ओहमवर गेला, सेलच्या ०.२ सह ५.३. करंट उरला ०.२८ अँपिअर. ४०० गुणिले ०.२८, म्हणजे ११२-११३ अँपिअर-वेढे. आधी होते ११०-१११. एकच सेल असताना प्रत्येक नवा वेढा जितकं क्षेत्र देतो, तितकंच रोध वाढवून काढूनही घेतो. सेलचा व्होल्टेज ठरलेला असेल तर अँपिअर-वेढे एका वेढ्याच्या रोधावर ठरतात, म्हणजे तारेची जाडी आणि वेढ्याचा घेर यांवर.

मग दुसरा थर फुकट गेला का? अजिबात नाही. तेवढंच क्षेत्र आता निम्म्या करंटमध्ये मिळतंय. कॉइल निम्मी तापते, सेल दुप्पट टिकतो. उलट टोकाला जाऊन २० वेढेच दिले तर रोध पाव ओहम, करंट तीन अँपिअरच्या वर, सेल काही मिनिटांत गरम, आणि अँपिअर-वेढे जेमतेम ६७, कारण बराचसा व्होल्टेज सेलच्या आतच संपतो.

क्षेत्र खरोखर वाढवायचं असेल तर तीन वाटा आहेत: जाड तार घ्या, वेढ्याचा घेर लहान करा, किंवा व्होल्टेज वाढवा (या प्रयोगात मात्र नको) आणि वाढणारी उष्णता सांभाळा. करंट स्थिर ठेवणारा पुरवठा असेल तर ‘वेढे दुप्पट, क्षेत्र दुप्पट’ अगदी खरं ठरतं. ते वाक्य तिथलं आहे, सेलच्या प्रयोगातलं नाही.

पायरी ७: लोखंडाचा गाभा

बोल्टवर कागदाचा एक वेढा चिकटवा, नाहीतर आट्यांच्या धारेने इनॅमल सोलतं. मग त्यावर तीन थरांत ५०० वेढे द्या. घेर लहान असल्यामुळे १५ मीटर तारेत ते बसतात. रोध २.३ ओहम, करंट ०.६ अँपिअर, म्हणजे ३०० अँपिअर-वेढे. नळीवर तेवढ्याच तारेने ११० दिले होते, हे पाहिलंत तर वरची दुसरी वाट किती कामाची आहे ते कळेल.

लोखंडात छोटे छोटे भाग आधीपासूनच चुंबकित असतात, फक्त वाट्टेल त्या दिशांना तोंड करून. कॉइलचं क्षेत्र त्यांना एका दिशेला वळवतं आणि मग तेच मुख्य चुंबक होतात. लांबी जाडीच्या दहापट असलेल्या बोल्टमध्ये मध्यभागी वाढ चाळीस-पन्नासपट होते. लोखंडाची क्षमता हजारोपट असते, पण क्षेत्राला टोकापासून टोकापर्यंत हवेतून परतावं लागतं आणि तिथेच ते अडतं. गाभा घोड्याच्या नालेसारखा वाकवून दोन्ही टोकांवर एकच लोखंडी पट्टी बसवली तर ही वाट लोखंडातूनच होते आणि पकड एकदम वाढते. वाढीलाही सीमा आहे. दोन टेस्लाच्या आसपास लोखंड भरून जातं, पुढे करंट वाढवला तर फक्त तार तापते.

बोल्ट निवडताना आधी चुंबक लावून पाहा. स्टेनलेस स्टीलचे बरेच बोल्ट चुंबकाला दाद देत नाहीत, ते इथे निरुपयोगी. कडक पोलाद उलट त्रास देतं: सेल काढल्यावरही थोडं चुंबक राहतं.

एक गोष्ट जपून करा. चालू कॉइलची तार सुटी केली की ठिणगी दिसते, आणि दोन्ही टोकं बोटांत असतील तर झटकाही बसतो, दीड व्होल्टचा सेल असूनही. क्षेत्रात साठलेली ऊर्जा एकदम बाहेर पडते आणि टोकांवरचा व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी चढतो. कॉइलच्या दोन टोकांमध्ये डायोड लावा, पांढरी पट्टी सेलच्या अधिक टोकाकडे. एरवी तो गप्प असतो, तार सुटल्यावर करंटला फिरायला वाट देतो. रिलेच्या, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचच्या, कॉइलवर डायोड असतो तो याचसाठी.

सुई वळत नसेल, किंवा भलतीकडे वळत असेल

टोकांवरचं इनॅमल आणि रोध पाहून झाला असेल तर टेबल बघा. लोखंडी पायांचं टेबल, खालचा स्पीकर, शेजारचा फोन यांपैकी काहीही सुईला आधीच बांधून ठेवू शकतं. कॉइल न जोडता होकायंत्र टेबलभर सरकवा, सुई सगळीकडे एकाच दिशेला राहते का पाहा. सेल जोडून कॉइल चांगलीच तापत असेल आणि रोध अपेक्षेपेक्षा बराच कमी असेल, तर कुठेतरी इनॅमल सोललंय आणि काही वेढे शॉर्ट झालेत. तेवढा भाग उकलून पुन्हा गुंडाळावा लागतो, दुसरा उपाय नाही.

उत्तर टोक कुठलं हे ठरवायला होकायंत्राची गरजही नसते. कॉइलच्या तोंडाकडे समोरून पाहा. करंट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असेल तर ते तोंड उत्तर ध्रुव, काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर दक्षिण.

हा नियम आणखी एका वेळी उपयोगी पडतो. बोल्टच्या चुंबकाशेजारी होकायंत्र फार जवळ नेलं, तर छोट्या सुईचं चुंबकत्वच उलटं होऊ शकतं आणि तिचं रंगवलेलं टोक दक्षिण दाखवू लागतं. म्हणून सगळं आवरताना होकायंत्र एकदा मोकळ्या जागी तपासा. उलटलं असेल तर वरच्या नियमाने बोल्टचा दक्षिण ध्रुव ओळखा, सुईचं रंगवलेलं टोक त्याच्यासमोर येईल असं होकायंत्र धरा, सुई वळू लागली तर डबी थोडी तिरकी करून तिला काचेशी अडकवा, आणि क्षणभर सेल लावा. ज्या कॉइलने सुई बिघडवली तीच ती दुरुस्त करते.